कंडोमशिवाय संबंध आला आणि आता तिथे आग होतेय: काय करायचं, कधी, कुठे जायचं

सोमवारी सकाळी आमच्या केंद्राबाहेरच्या बाकावर जरा जास्तच गर्दी असायची. मधे शनिवार-रविवार गेलेला असायचा, दुसरं काय. एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात मी बरीच वर्षं समुपदेशक होते. खोलीत आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मॅडम, मित्राचं विचारायचं होतं." मित्राला लघवीला जळजळ होतेय, मित्राला खाज सुटलीय, मित्राची दोन रात्री झोप नाही. मीही मित्राचंच म्हणून ऐकून घ्यायचे. पाचेक मिनिटांत मित्र निघून जायचा आणि खुर्चीवर बसलेला माणूस बोलायला लागायचा. बायका मित्र-मैत्रीण काढत नसत. त्या "अंगावर पांढरं जातंय" एवढंच सांगून खाली बघत बसायच्या.

त्या खोलीत बसून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की झाली. भीती पहिल्याच रात्री येते, रोगजंतूंना मात्र दिवस लागतात, काहींना महिने. आणि माणसं नेमकी उलट वागतात. जिथे तासांचा हिशेब आहे तिथे चार दिवस विचार करत काढतात, आणि ज्या चाचणीसाठी सहा आठवडे थांबायला हवं ती तिसऱ्या दिवशी करून "निल" आलेला रिपोर्ट खिशात घेऊन फिरतात. म्हणून पुढचं सगळं वेळेच्या क्रमाने लिहिते आहे. तुमची घटना होऊन किती वेळ झालाय ते आधी मोजा आणि तिथून वाचा.

७२ तास झाले नसतील तर

घाई करायची ती इथेच.

जोडीदार एचआयव्हीबाधित आहे आणि औषधं घेत नाही, संबंध गुदमार्गातून आला, जबरदस्ती झाली, किंवा ज्याच्याबद्दल काहीच माहीत नाही अशा व्यक्तीशी संबंध आला आणि धोका खरा वाटतोय, अशा वेळी एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी पीईपी नावाचा गोळ्यांचा कोर्स असतो. ७२ तासांच्या आत सुरू करावा लागतो, २८ दिवस रोज घ्यावा लागतो. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं बहुधा एकाच गोळीत येतात. ७२ तास ही शेवटची हद्द आहे. पहिल्या काही तासांत सुरू केलेल्या कोर्सचा भरवसा जास्त. 'उद्या रविवार आहे, सोमवारी बघू' असं करू नका. रविवारीही कॅज्युअल्टी उघडी असते. सरकारी यंत्रणेत हा कोर्स मुख्यतः सुई टोचलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि अत्याचार झालेल्या व्यक्तींसाठी ठेवलेला असतो. बाकीच्यांच्या बाबतीत डॉक्टर धोका बघून ठरवतात. कुणी "आमच्याकडे नाही" म्हणालं तर तिथे वाद घालत तास घालवू नका, एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराचं सरकारी केंद्र, गाठा किंवा खासगी फिजिशियनकडून चिठ्ठी घ्या. १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन फुकट आहे, जवळचं केंद्र कुठे ते तिथे विचारता येतं.

आकडेही सांगते, कारण आकडे ऐकून खुर्चीतल्या माणसाचे खांदे खाली आलेले मी पाहिलेत. जोडीदार एचआयव्हीबाधित आहे आणि उपचारावर नाही असं धरलं, तरी योनीमार्गातून आलेल्या एका संबंधात लागण होण्याचा अंदाज स्त्रीसाठी १० हजारांत ८ आणि पुरुषासाठी १० हजारांत ४ असा आहे. गुदमार्गातून संबंध घेणाऱ्या व्यक्तीसाठी तो १० हजारांत १३८ पर्यंत जातो. तिथे जखम किंवा दुसरा गुप्तरोग असेल तर धोका वाढतो. आणि जो बाधित माणूस नियमित औषधं घेतो, ज्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. आकडे लहान आहेत म्हणून पीईपी टाळायचं नसतं. पण पहाटे चार वाजता छताकडे बघत "आपलं संपलं" म्हणत पडण्याइतकेही ते मोठे नाहीत.

दुसरी तातडी नको असलेल्या गर्भधारणेची. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी ७२ तासांच्या आत, लवकरात लवकर. मेडिकलमध्ये ती चिठ्ठीशिवाय मिळते. दुकानदाराने प्रश्न विचारले तर उत्तर द्यायची सक्ती नाही. घेतल्यापासून दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. तांबी (कॉपर-टी) पाच दिवसांपर्यंत बसवता येते आणि ती गोळीपेक्षा भरवशाची. पाळी आठवडाभर लांबली तर लघवीची चाचणी करा. आणि हे मला शंभर वेळा सांगावं लागलं आहे: ही गोळी कोणत्याही संसर्गापासून वाचवत नाही.

जबरदस्ती झाली असेल तर कोणत्याही रुग्णालयाने, सरकारी असो की खासगी, फुकट आणि ताबडतोब उपचार करणं कायद्याने बंधनकारक आहे. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण "आधी एफआयआर आणा, मग बघू" असं कुणी म्हणू शकत नाही.

आग नक्की कशाची?

आता सगळ्यात जास्त विचारलं जाणारं. "मॅडम, काल रात्री झालं आणि आज सकाळपासून आग होतेय. एड्स असेल का?"

एक मुलगा आठवतो. चोवीस-पंचवीसचा, एमआयडीसीत कामाला. तीन दिवसांपासून लघवीच्या भोकापाशी जळजळत होतं. दिवसातून किती वेळा बघता, विचारलं. आधी म्हणाला, "दोन-तीनदा." मग म्हणाला, "कंपनीच्या संडासात जाऊन मोबाइलचा टॉर्च लावून बघतो." मग हिशेब निघाला, वीसेक वेळा. प्रत्येक वेळी पू येतोय का ते बघायला पिळून बघायचं, आणि आंघोळीच्या वेळी डेटॉल. सकाळी एकदा, रात्री एकदा, बादलीत न घालता थेट. कातडी लाल झाली होती, टोकाला सालं निघत होती. डॉक्टरांनी बघितलं, लघवी तपासली, काही सापडलं नाही. पिळणं आणि डेटॉल बंद करायला सांगितलं. आठवड्याने आला तेव्हा आग गेली होती. भीती गेली नव्हती, पण ती वेगळी गोष्ट.

सांगायचं असं की दुसऱ्याच दिवशी सुरू झालेली आग बहुतेक वेळा घर्षणाची, साबणाची किंवा कातडीला पडलेल्या बारीक चिरांची असते. ओलावा कमी असताना संबंध आला की दोघांनाही असं होतं. साधं कोमट पाणी, सुती कपडे आणि काही दिवस तिथे काहीही न लावणं एवढ्याने ते चार-पाच दिवसांत उतरतं.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. लघवीला जळजळ झाली की घरात कुणीतरी म्हणतंच, "उन्हाळी लागली असेल, धने-जिऱ्याचं पाणी पी." एप्रिल-मेमध्ये पाणी कमी प्यायल्याने लघवी पिवळी आणि जळजळीत होते, हे खरंच. दोन दिवस भरपूर पाणी पिऊन ती जात असेल तर उन्हाळीच म्हणा. पण आतल्या चड्डीवर पिवळा डाग पडतोय, सकाळी लघवीच्या आधी टोकावर पूसारखा थेंब दिसतोय, तर सब्जा पिऊन ते जाणार नाही. त्याला जुनी माणसं परमा म्हणतात, डॉक्टर गोनोरिया. पुरुषांत तो बहुधा दोन ते सात दिवसांत उघड होतो, कारण दुखतं आणि दिसतं. स्त्रियांमध्ये तोच रोग बऱ्याचदा मुकाट राहतो.

त्याच्यासोबत अनेकदा क्लॅमिडिया असतो. हा एक ते तीन आठवडे घेतो, आणि पुष्कळांना तर काहीच होत नाही. थोडा पातळ पांढरट स्राव, थोडी चुरचुर. कुणाला कळत नाही आणि उपचार होत नाहीत, म्हणून हा मला परम्यापेक्षा जास्त खटकतो. स्त्रियांमध्ये तो वर गर्भाशयाकडे आणि बीजवाहिन्यांपर्यंत चढला तर पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते.

बारीक पाणीदार फोडांचा घोस, ते फुटून झोंबणाऱ्या जखमा, सोबत कणकण आणि जांघेत अवधाण, हे दोन ते बारा दिवसांत दिसलं तर हर्पिसचा विचार करतात. लोक याला नागीण म्हणतात. कमरेवर येणारी नागीण वेगळ्या विषाणूची, ती संबंधातून येत नाही. हर्पिसचा विषाणू अंगात राहतो, पुन्हा उठू शकतो, पण औषधाने आटोक्यात राहतो.

याच्या अगदी उलट चालीची असते गरमी, म्हणजे सिफिलिस. साधारण तीन आठवड्यांनी, कधी दहाव्या दिवशी तर कधी नव्वदाव्या, एकच जखम येते. कडा कडक, तळ स्वच्छ, आणि दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. काही आठवड्यांत ती आपोआप भरते, माणूस देवाला नारळ फोडतो, आणि रोग आत चालू राहतो. मग काही आठवड्यांनी तळहात-तळपायांवर पुरळ येतं आणि ते बघून कुणी त्या जुन्या जखमेशी संबंध जोडत नाही. लक्षात ठेवा: तिथली न दुखणारी जखम ही दुखणाऱ्या जखमेपेक्षा जास्त लवकर दाखवायची. सिफिलिस पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो, तेही साध्या, जुन्या, स्वस्त पेनिसिलिनने.

खाजेचं गणित निराळं. दह्यासारखा पांढरा स्राव आणि प्रचंड खाज असेल तर बहुतेकदा कॅंडिडा ही बुरशी असते. ती संबंध न येताही होते, अँटिबायोटिक घेतल्यावर होते, गरोदरपणात होते. पुरुषांमध्ये पुढच्या कातडीवर लाल ठिपके येतात आणि कातडी मागे घेताना बारीक चिरा पडतात. हे वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासा. गुप्तरोगाच्या भीतीने आलेल्या माणसाला मधुमेह निघाला, असं आमच्याकडे कितीतरी वेळा झालंय. माशासारखा वास आणि करडा पातळ स्राव हा बॅक्टेरियल व्हजायनोसिस. वास संबंधानंतर वाढतो. फेसाळ, हिरवट-पिवळा स्राव आणि खाज असेल तर ट्रायकोमोनास, तो मात्र संबंधातूनच येतो आणि जोडीदारालाही औषध लागतं. पाळीच्या मधल्या दिवसांत येणारा पारदर्शक, ताणला जाणारा स्राव हा रोग नाही, ते शरीराचं रोजचं काम आहे.

जांघेत गोल, कडा उठावदार चट्टा असेल तर गजकर्ण. त्याचा त्या रात्रीशी बहुधा काही संबंध नसतो. घट्ट जीन्स, घाम आणि न वाळलेली चड्डी यांच्याशी असतो. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यातही, आणि घरात दुसऱ्या कुणालाही तीच, तर खरूज.

आणि लिंगाच्या मण्याच्या कडेला ओळीने बसलेले मोत्यासारखे बारीक दाणे? ते चामखीळ नाहीत. पुष्कळ पुरुषांना जन्मभर असतात. घाबरल्यावर माणूस पहिल्यांदा नीट निरखून बघतो आणि तेव्हा ते त्याला दिसतात, इतकंच. खरी गुप्तांगावरची चामखीळ खडबडीत, फुलकोबीसारखी, आणि यायला आठवडे किंवा महिने घेते.

वरचं वाचून स्वतःचं निदान करू नका. डॉक्टरसुद्धा नुसतं वर्णन ऐकून फसतात. घाई किती करायची एवढंच यातून घ्या. ताप आणि ओटीपोटात दुखणं, एका बाजूचा अंडकोष अचानक सुजून ठणकणं, मागे सरकलेली कातडी पुढेच न येणं, लघवी अडणं, गरोदरपणात फोड किंवा स्राव, यातलं काहीही असेल तर आजच्या आज दाखवा. पू किंवा जखम असेल तर या एक-दोन दिवसांत. नुसती चुरचुर असेल तर चार-पाच दिवस हात न लावता बघा, नाही गेली तर जा.

मेडिकलच्या काउंटरवर थांबू नका

काउंटरवर हळू आवाजात "खाजेचं काहीतरी द्या" म्हटलं की एक ट्यूब येते. त्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टेरॉइड, तिन्ही एकत्र. दोन दिवसांत खाज थांबते, कारण स्टेरॉइड सूज दाबतो. बुरशी खाली पसरत राहते. बंद केलं की दुप्पट येते, मग पुन्हा ट्यूब. वर्षभर ट्यूब लावून जांघेतली कातडी कागदासारखी पातळ झालेली, पांढऱ्या भेगा पडलेली माणसं त्वचेच्या ओपीडीत रोज दिसतात.

गोळ्यांचंही तसंच. मित्राला लागू पडलेली पाकिटातली अर्धी पट्टी घेऊ नका. सिप्रोफ्लॉक्सासिनला परम्याचे जंतू केव्हाच दाद देईनासे झालेत. अर्धवट औषधाने पू कमी होतो, रोग राहतो, आणि नंतर चाचणीतही नीट सापडत नाही.

रेल्वेच्या रुळांलगतच्या भिंतींवर रंगवलेले 'गुप्तरोग, शर्तिया इलाज' तुम्ही पाहिले असतील. एका माणसाने अशा ठिकाणी भस्म आणि तेल मिळून अठरा हजार रुपये दिले होते, उसने काढून. त्याला झालं होतं गजकर्ण.

बायकांनी आतून धुण्याचे वॉश, लिंबूपाणी, मिठाचं पाणी वापरू नये. योनीत राहणारे चांगले जंतू आंबटपणा सांभाळून असतात, ते धुऊन गेले की बाकीच्यांना रान मोकळं होतं. बाहेरून पाण्याने धुतलं तरी पुरतं.

सरकारी रुग्णालयात पहिल्यांदा जाताना

जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय यांपैकी जवळचं निवडा. ओपीडी सकाळची असते, दहाच्या आत पोहोचलात तर बरं. नोंदणीच्या खिडकीवर कारण विचारलं तर "त्वचा विभाग" एवढंच सांगा. मागे रांग असते, सगळ्यांनी ऐकायची गरज नाही. स्त्रियांना "स्त्रीरोग विभाग" म्हणता येतं. केस पेपर हातात आला की 'सुरक्षा क्लिनिक' नावाची पाटी शोधा. गुप्तरोगांसाठी सरकारने चालवलेलं क्लिनिक तेच. काही ठिकाणी पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग' असतं. सापडलं नाही तर आयसीटीसी विचारा. एचआयव्हीच्या चाचणीचं केंद्र कुठे आहे ते शिपायापासून परिचारिकेपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, आणि विचारणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही. निदान तुम्हाला वाटतं तितकं तरी नाही.

जाण्याआधी मलम लावू नका, खालचे केस काढू नका, आतून धुऊ नका. पुरुषांनी तासाभर तरी लघवी करू नये, कारण नमुना तिथूनच घ्यायचा असतो. घेतलेल्या औषधांची पाकिटं, अर्धी असली तरी, सोबत न्या.

आत गेल्यावर काय बोलायचं? लोक इथेच अडतात. पाठ करा: "अमुक तारखेला कंडोमशिवाय संबंध आला. अमुक तारखेपासून जळजळ आहे. तोंडानेही संबंध आला होता. अमुक औषध घेतलं." तारखा, कोणत्या मार्गाने, काय घेतलं. कोणाशी, लग्न झालंय का, लाज कशी वाटत नाही, यातलं काही उपचाराला लागत नाही. संबंध पुरुषाशी असेल तर तेही सांगा, कारण मग घसा आणि गुदद्वारही तपासावं लागतं. डॉक्टर बोलता बोलता भुवया उंचावतील, असे असतात काही. तुम्ही तारखा सांगत राहा. तपासताना विद्यार्थ्यांची गर्दी नको असेल तर नको म्हणता येतं. स्त्रीला तपासताना सोबत स्त्री कर्मचारी हवी, नसेल तर मागा.

तपासणीनंतर अनेकदा रिपोर्टची वाट न बघताच औषध देतात. राष्ट्रीय कार्यक्रमात लक्षणांनुसार रंगीत किट आहेत: लघवीच्या जागेतून पू येत असेल तर राखाडी, योनीतून स्राव असेल तर हिरवं, हर्पिससाठी लाल. "न तपासताच गोळ्या दिल्या" असं वाटून लोक ती खिडकीतच ठेवून जातात. तसं करू नका, ती पद्धतच तशी आहे. रिपोर्ट यायच्या आत माणूस हरवतो म्हणून बेतलेली. संपूर्ण कोर्स घ्या आणि त्यानंतर सात दिवस संबंध ठेवू नका.

आयसीटीसीत आधी बोलणं होतं, मग तुमची संमती घेऊन रक्त घेतात. बहुतेक वेळा रिपोर्ट त्याच दिवशी, तुमच्याच हातात. पहिली झटपट चाचणी निगेटिव्ह आली तर रिपोर्ट निगेटिव्ह. आली पॉझिटिव्ह, तर आणखी दोन वेगळ्या पद्धतींच्या चाचण्या करूनच सांगतात. एका किटवर कुणालाही एचआयव्हीबाधित ठरवत नाहीत. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो सप्टेंबर २०१८पासून लागू आहे, संमतीशिवाय चाचणी आणि तुमची माहिती बाहेर सांगणं या दोन्हींना मनाई करतो. ऑफिसात कळेल, गावात कळेल ही भीती मी रोज ऐकली. आमच्या कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये असायची.

चाचण्यांच्या तारखा

कॅलेंडरवर घटनेच्या दिवसापासून मोजा. आजच एकदा एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी करून घ्या. त्यातून आधीची स्थिती कळते, त्या रात्रीचं काही कळत नाही. दोन आठवड्यांनी क्लॅमिडिया आणि गोनोरियासाठी लघवीची पीसीआर पद्धतीची चाचणी, मिळत असेल तर. लक्षणं असतील तर थांबू नका. तिला लघवीची पहिली धार लागते. मूत्रसंसर्गासाठी मधली धार देतात, त्यामुळे लोक सवयीने मधलीच देतात. साध्या युरिन कल्चरवर हे जंतू पकडण्यासाठी विसंबू नका.

सहा आठवडे उलटून ४५ दिवस पूर्ण झाल्यावर, प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आली तर ती विश्वासाची. केंद्रातल्या झटपट किटवर असाल तर तीन महिन्यांनी शेवटची. पीईपी घेतलं असेल तर तारखा डॉक्टर वेगळ्या देतील. सिफिलिसची सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी. तीन महिन्यांच्या भेटीत हिपॅटायटिस बीही उरकून टाका.

खासगी लॅबचं 'संपूर्ण पॅकेज' घेताना सावध. लक्षणं नसताना हर्पिसच्या रक्तचाचण्या करून फक्त झोप उडते, कारण त्यात आयजीएम आणि आयजीजी अशा दोन प्रकारच्या अँटिबॉडी बघतात, त्यातलं आयजीएम फसवं आहे आणि आयजीजी जुनं काहीही दाखवतं. क्लॅमिडियाच्या रक्तातल्या अँटिबॉडीचंही तेच.

लस मात्र विसरू नका. हिपॅटायटिस बीचे तीन डोस घेतले नसतील तर आत्ता सुरू करा. एचपीव्हीची लस पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूटही बनवते आणि ती मुलग्यांसाठीही आहे, ९ ते २६ वयात.

जोडीदाराला सांगणं

तुमचा उपचार झाला आणि त्याचा किंवा तिचा नाही झाला, तर पुन्हा तोच फेरा. नवरा गोळ्या घेऊन बरा होतो, बायकोला महिनाभराने ओटीपोटात दुखायला लागतं आणि ती बिचारी कंबरेला शेक देत बसते. हे मी इतक्यांदा पाहिलंय की राग येतो. मेसेज लांबलचक नको. "मला संसर्ग निघालाय, उपचार चालू आहेत. तुलाही तपासून औषध घ्यावं लागेल. फुकट होतं." एवढा पुरतो. कुणामुळे आलं हे त्यात घालू नका. बऱ्याचदा ते ठरवताही येत नाही, कारण काही संसर्ग महिनोन्‌महिने गप्प असतात. सांगायचं धाडस होत नसेल, किंवा सांगितल्यावर मारहाणीची भीती असेल, तर समुपदेशकाला सांगा. मार्ग काढता येतो.

निरोध आयसीटीसीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. खोबरेल तेल लावाल तर लॅटेक्स फाटेल, म्हणून पाण्यावर आधारित वंगणच वापरा. पाकीट मागच्या खिशातल्या वॉलेटमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नका.

सगळे रिपोर्ट ठीक, तरी आग जात नाही

तीन महिने झाले, सगळं निगेटिव्ह, आणि तरी चुरचुर. दोन वाटा असतात. एक कातडीची: साबणाची अॅलर्जी, सोरायसिस, एक्झिमा, साखर. त्यासाठी त्वचेचा डॉक्टर, पुन्हा एकदा, न लाजता, आणि मलमं बंद करून.

दुसरी वाट डोक्याची. तो टॉर्चवाला मुलगा नंतर चार वेळा आला, दर वेळी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून. चौथ्या वेळी मी रक्त घ्यायला पाठवलं नाही. विचारलं, त्या रात्रीबद्दल कुणाशी बोललास का? लग्न ठरलं होतं त्याचं. बोलला नव्हता. तासभर बोलला, मग मीच त्याला मानसोपचार विभागात घेऊन गेले, दोन मजले वर. तुमच्याकडे असा विभाग जवळ नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीतही. फोन लावल्यावर सुरुवात कशी करायची हे सुचत नसेल तर मित्राचं विचारायचंय म्हणा.